टिकण्याच्या अटी : कावेबाज सहचर आणि खेळ-संहितेतील प्रणय

व्हिडिओ गेममधील एखादे सहचर-पात्र खेळाडूशी प्रणय करते, त्या प्रणयाच्या आड स्वतःचा कावा लपवते आणि यथाकाळ तो कावा उघडा पडतो. असा प्रणय टिकू शकतो काय, हा प्रश्न गेल्या दीड दशकात वारंवार विचारला गेला आहे. त्याची दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर नीतिवाद्याचे : कपटावर उभा राहिलेला संबंध टिकत नाही, आणि टिकतो असे दाखवणारी संहिता तरुण मनाला फसवणूक सहन करण्याचा धडा देते. दुसरे उत्तर यंत्रवाद्याचे : सहचर म्हणजे काही हजार ओळींची आज्ञावली, तिच्याशी प्रणयच संभवत नाही, मग तो टिकण्याचा प्रश्न कोठून येणार? पहिला हा प्रश्न फार गंभीरपणे घेतो, दुसरा मुळीच घेत नाही. मात्र एका बाबतीत दोघांचे एकमत आहे : संहिता वाचण्याची तसदी दोघांनाही नको आहे.

एस्पेन आर्सेथ ह्यांचे ‘सायबरटेक्स्ट’ हे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले. ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला केवळ डोळे फिरवण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, तिचा स्वतंत्र विचार केला पाहिजे, असा आग्रह त्यांनी त्यात धरला. जॅनेट मरे ह्यांचे ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ त्याच वर्षीचे. म्हणजे ह्या संहितांची मीमांसा सुरू होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही मराठीच्या वर्गात निवेदनमीमांसा शिकवताना अविश्वसनीय निवेदकाचे उदाहरण कादंबरीबाहेरून घेण्याचे धाडस क्वचितच होते. वस्तुतः कावेबाज सहचर हा अविश्वसनीय निवेदकाचाच सख्खा भाऊ आहे. फरक एवढाच, की निवेदकावर विश्वास ठेवणे ही वाचकाची मनःस्थिती असते, तर सहचरावर विश्वास ठेवणे ही खेळाडूची कृती असते, आणि तिचे परिणाम पुढील कथानकाला भोगावे लागतात.

प्रथम ह्या प्रणयाची यंत्रणा पाहणे आवश्यक आहे. कॅनडातील बायोवेअर ह्या निर्मितीसंस्थेचा ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा खेळ २००९ साली आला. त्यात प्रत्येक सहचराची खेळाडूविषयीची पसंती उणे शंभर ते अधिक शंभर अशा आकड्यांत मोजली जाते, आणि तो आकडा खेळाडूला समोर दिसतो. सहचराला रुचेल असे बोलले की तो वाढतो, न रुचेल असे केले की घटतो. भेटवस्तू दिल्यानेही वाढतो. मॉरिगन ही ह्या खेळातील जादूगारीण. बालपणी चोरून आणलेला सोनेरी आरसा आपल्या आईने फोडून टाकला, ही आठवण ती खेळाडूला सांगते. पुढे बाजारात तसाच आरसा मिळतो. तो विकत घेऊन तिला दिला की ती विरघळते आणि आकडा वर चढतो. आता नीतिवाद्याने उत्तर द्यावे : येथे कोण कोणाला वश करीत आहे? एका स्त्रीची सर्वांत दुखरी आठवण ऐकून घेणारा, ती लक्षात ठेवणारा, नाणी मोजून तिचे औषध आणणारा आणि नंतर आकडा किती चढला हे पाहणारा खेळाडू निष्पाप, आणि मॉरिगन तेवढी कावेबाज?

कावा ही ह्या संहिताप्रकारातील एखाद्या पात्राची विकृती नव्हे. ती संहिताप्रकाराची मूळ अट आहे. प्रणय साध्य करावयाचा तर खेळाडूला सहचराची नाडी ओळखून बोलावेच लागते. सरळमार्गी सहचराच्या बाबतीत ही अट झाकली जाते, कारण तो भोळेपणाने आपला आकडा वाढू देतो. कावेबाज सहचर मात्र खेळाडूवर त्याचाच डाव उलटवतो, आणि म्हणून ही अट उघडी पाडतो. २०१४ सालच्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मध्ये बायोवेअरने पसंतीचा आकडा खेळाडूपासून लपवला, अमक्याला हे आवडले, तमक्याला आवडले नाही, एवढीच सूचना राहिली. आकडा अदृश्य झाला, हिशेब मात्र संपला नाही.

मॉरिगनचा कावा काय होता, हे शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री कळते. ज्या महाराक्षसाला मारावयाचे आहे, त्याच्यावर अखेरचा घाव घालणारा ग्रे वॉर्डन त्या घावासरशी स्वतःही मरतो. मॉरिगन एक तोडगा सांगते : तिच्याबरोबर एक विधी करावा, त्यातून मूल जन्मेल, मारल्या गेलेल्या प्राचीन देवाचा आत्मा त्या मुलात जाईल आणि कोणीच मरणार नाही. ह्याच हेतूने तिची आई फ्लेमेथ हिने तिला आरंभापासून सोबत धाडले होते. म्हणजे सगळा सहवास एका रात्रीसाठी होता. खेळाडूने नकार दिला तर ती त्याच रात्री निघून जाते. होकार दिला तरी लढाईनंतर ती जाते, आणि शोध घेऊ नकोस असे बजावून जाते. मात्र २०१० सालच्या ‘विच हंट’ ह्या पुरवणी-भागात तिच्यावर प्रेम करणारा वॉर्डन तिला शोधून काढतो आणि त्याची इच्छा असेल तर तिच्याबरोबर आरशातून पलीकडच्या जगात जातो. ‘इन्क्विझिशन’मध्ये ती आपल्या मुलासह पुन्हा दिसते आणि वॉर्डनविषयी आपुलकीने बोलते.

हा प्रणय टिकला, हे निर्विवाद. पण तो कपट असूनही टिकला असे म्हणणे जितके उथळ, तितकेच प्रेमाने कपटावर मात केली असे म्हणणे भाबडे आहे. तो टिकला ह्याचे कारण संहितेने मॉरिगनला दोन गोष्टी दिल्या होत्या : स्वतःचा हेतू, आणि निघून जाण्याची मुभा. आकडा शंभरावर पोहोचला तरी ती थांबत नाही. भेटवस्तूंनी जिंकलेली मॉरिगन थांबली असती तर ती खेळाडूच्या संग्रहातील आणखी एक वस्तू ठरली असती. ती जाते, म्हणूनच तिचे पुन्हा भेटणे हा संबंध ठरतो.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यातील अ‍ॅस्टॅरियन हा रक्तपिपासू. कॅझडॉर नावाच्या धन्याने त्याला सुमारे दोनशे वर्षे गुलाम ठेवले आणि सावजांना मोहात पाडून घरी आणण्याच्या कामाला जुंपले. खेळाडूलाही तो त्याच सवयीने मोहात पाडतो, कारण त्याला संरक्षण हवे आहे. पुढे एक स्त्री त्याच्याकडून स्वतःला चावून घेऊ इच्छिते. त्याला ते नको असते. खेळाडूने त्याला भरीस घातले तर तो ते करतो आणि खेळाडूविषयीचा त्याचा विश्वास तडकतो. खेळाडूने त्याचा नकार मानला तर तो कबुली देतो, की आरंभीचा शृंगार हा बेत होता, आणि आता त्या बेताच्या पलीकडचे काही तरी त्याला जाणवू लागले आहे.

ह्या प्रसंगाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. कबुली मिळते ती खेळाडूने जास्त प्रेम केले म्हणून नव्हे, जास्त ऐकून घेतले म्हणूनही नव्हे. खेळाडूने त्याचा उपयोग करून घेण्याची संधी सोडली, म्हणून ती मिळते. ज्याचे शरीर दोनशे वर्षे दुसऱ्याच्या कामासाठी वापरले गेले, त्याला प्रथमच कोणी तरी ‘नको तर नको’ असे म्हटलेले असते. खेळाडू क्षणभर खेळी करणे थांबवतो, आणि सहचराचीही खेळी तेथे थांबते.

परंतु खरी कसोटी पुढे आहे. कॅझडॉरने एक विधी योजलेला आहे. त्यात सात हजार जीवांचा बळी देऊन अफाट सामर्थ्य मिळवता येते. धन्याच्या जागी अ‍ॅस्टॅरियन स्वतः तो विधी पुरा करू शकतो. खेळाडूने साहाय्य केले तर तो सूर्यप्रकाशात निर्भयपणे वावरणारा स्वामी होतो. खेळाडूने त्याचे मन वळवले तर तो स्वतंत्र होतो, पण पूर्वीसारखाच दुबळा राहतो आणि अखेरीस उन्हापासून पळ काढण्याची वेळ त्याच्यावर येते. दोन्ही वाटांवर प्रणय टिकू शकतो. किंबहुना पहिल्या वाटेवर तो अधिक टिकाऊ आहे, कारण स्वामी झालेला अ‍ॅस्टॅरियन प्रेमिकाला आपल्यासारखे अमर करू पाहतो. मात्र त्यासाठी प्रेमिकाने त्याचा अंकित व्हावे अशी अट असते, आणि ती न मानणाऱ्याशी तो संबंध तोडतो. कॅझडॉरने जे अ‍ॅस्टॅरियनचे केले, तेच तो आता प्रेमाच्या नावाने करू पाहतो.

नीतिवाद्याचा प्रश्न येथे स्वतःच्या भाराने कोसळतो. कपटी संबंध टिकेल काय, असे विचारताना टिकणे हे मूल्य आहे आणि न टिकणे ही शिक्षा आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. ‘बाल्डर्स गेट ३’ दाखवते ते नेमके ह्याच्या उलट. चिरस्थायी संबंध हवा असेल तर तो आहे, आणि तोच सर्वांत भयंकर आहे. दास्याइतके टिकाऊ दुसरे काही नसते. तेव्हा संबंध टिकतो की नाही, हा समीक्षेचा प्रश्न होऊच शकत नाही. तो कोणत्या अटींवर टिकतो आणि त्या अटींची किंमत कोण देतो, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने ह्या प्रश्नासाठी एक संज्ञा फार पूर्वी घडवली : रसाभास. रावणाची सीतेविषयीची रती हे शृंगाराभासाचे परिचित उदाहरण. अभिनवगुप्तांच्या विवेचनातील मार्मिक भाग असा, की आभास हा आस्वादाच्या पहिल्या क्षणी आभास म्हणून जाणवत नाही. त्या क्षणी शृंगारच आस्वादला जातो, आणि पौर्वापर्याचा विचार केल्यावर तो आभास ठरतो. शिंपल्यात रुपे भासते तसे हे आहे. खेळ-संहिता ह्या कालक्रमाला एक वेगळी कलाटणी देते. तो खेळ दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला अ‍ॅस्टॅरियनच्या पहिल्या रात्रीचा बेत ठाऊक असतो. शृंगार आणि त्याचा आभास हे दोन्ही त्याला एकाच क्षणी भेटतात, आणि तरीही निवड त्यालाच करावयाची असते. शिंपला आहे हे जाणून तो उचलणाऱ्याला भ्रमिष्ट म्हणता येत नाही. त्याच्या कृतीसाठी निराळी संज्ञा लागेल, आणि ती घडवणे हे मराठी समीक्षेला अशक्य नाही. ज्या रंगभूमीने १८८२ साली ‘सौभद्र’मध्ये अर्जुनाला यतीच्या वेषात सुभद्रेपर्यंत पोहोचवले आणि त्या साऱ्या कारस्थानाची सूत्रे कृष्णाच्या हाती दिली, तिच्या प्रेक्षकाला प्रणयातील कपट नवे नाही. त्या प्रेक्षकाला कपट आधीच ठाऊक असते, म्हणून तो हसतो. सुभद्रेच्या जागी त्याला स्वतःला उभे राहावे लागले असते तर तो हसला असता काय, हा प्रश्न खेळ-संहितेने उभा केला आहे.

तिसरे उदाहरण सोलसचे. ‘इन्क्विझिशन’मधील हा अबोल, विद्वान सहचर केवळ एल्फ वंशाच्या नायिकेशीच प्रणय करतो, आणि तो प्रणय स्वतःच मोडतो. २०१५ सालच्या ‘ट्रेसपासर’ ह्या पुरवणी-भागात सर्व उलगडा होतो : तो एल्फांच्या पुराणकथांतील ‘ड्रेड वुल्फ’ आहे, जगाला विभागणारा पडदा त्यानेच उभा केला, आणि तो पाडून आजचे जग बुडवण्याचा त्याचा निश्चय आहे. त्याच्याबरोबर जाण्याची नायिकेची तयारी असली तरी तो नकार देतो. सोलसचा कावा प्रेमाच्या सोंगात नाही. त्याचे प्रेम खरे आहे असेच संहिता सांगते. त्याचा कावा ज्ञानाच्या वाटपात आहे. आपण कोणावर प्रेम करतो हे त्याला ठाऊक असते, तिला नसते. सोंग केव्हा तरी खरे होऊ शकते, पण रोखून धरलेले ज्ञान आपोआप वाटले जात नाही. म्हणून हा प्रकार अ‍ॅस्टॅरियनच्या कपटाहून अधिक दुर्धर आहे.

ह्या प्रणयाचे उत्तर यायला नऊ वर्षे लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’मध्ये सोलसला पश्चात्तापाकडे वळवता येते, तो स्वतःला पडद्याशी बांधून घेतो, आणि त्याच्यावर प्रेम करणारी पूर्वीची नायिका त्याच्यासोबत त्या बंदिवासात जाऊ शकते. अनेकांना हा शेवट कृतार्थ वाटला. परंतु तो वाचण्याची गरज आहे. ह्या तिसऱ्या संहितेत खेळाडू त्या नायिकेच्या भूमिकेत नाही. तो रूक नावाच्या नव्या पात्राच्या भूमिकेत आहे. सोलसच्या भूतकाळाचे तुकडे गोळा करणारा आणि त्याला समजून घेणारा रूक आहे, तिच्या वाट्याला येते ते केवळ सोबत जाणे. ज्ञानाचे जे विषम वाटप हा ह्या प्रणयाचा मूळ दोष होता, तो निवारला जाण्याऐवजी तिसऱ्याच पात्राच्या पदरात पडला. शिवाय हा प्रणय टिकण्याची किंमत तिनेच मोजली : जग सोडले ते तिने. सोलसला ज्या जागी अपराधामुळे जावे लागले, त्याच जागी तिला प्रेमामुळे जावे लागले. हा शेवट करुण आहे असे म्हटल्यास आक्षेप नाही. तो मीलनाचा आहे असे म्हणणे मात्र आळशी वाचन होय.

ह्याच संहितेत एक गोष्ट फार मोठी साधली आहे, आणि तिच्याकडे यंत्रवाद्याने पाहावे. आरंभीच्या प्रसंगात जखमी झालेला व्हॅरिक हा जुना सहचर पुढे अंथरुणाला खिळलेला दिसत राहतो, सल्ला देतो. फार उशिरा कळते, की तो त्या पहिल्याच प्रसंगात मेला होता. सोलसने रूकच्या मनाशी खेळून ते लपवले होते. येथे फसतो तो केवळ रूक नव्हे. पडद्यासमोर बसलेला, सोलसवर कधीही प्रेम न केलेला हाडामांसाचा खेळाडूही फसतो. आज्ञावलीला मन नाही, हे मान्य. पण फसवणूक होण्यासाठी फसवणाऱ्या पात्राला मन असावे लागत नाही. फसणाऱ्याला असले की पुरते. वेन बूथ ह्यांनी १९८८ च्या ‘द कंपनी वी कीप’ ह्या ग्रंथात साहित्यकृतींचा विचार माणसाने निवडलेल्या सोबतीसारखा केला. सोबत कसली आहे ह्याचा विचार करावयास सोबत्याला हृदय असल्याचा पुरावा बूथ ह्यांनी मागितला नव्हता.

नीतिवाद्याचा एक आक्षेप मात्र शिल्लक राहतो, आणि तो मोडीत काढणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ह्या तिन्ही संहितांत योग्य पर्याय निवडणाऱ्याला कबुली, पुनर्भेट किंवा पश्चात्ताप बक्षीस म्हणून मिळतो. प्रत्यक्ष जीवनात कावेबाज माणसाशी संयमाने वागल्यास त्याचे कपट गळून पडते असा नियम नाही. बहुधा संयमाचाच गैरफायदा घेतला जातो. बक्षिसाची ही रचना हा ह्या संहिताप्रकाराचा खरा वैचारिक दोष आहे. तो पात्राच्या चारित्र्यात नाही, पर्यायांच्या मांडणीत आहे, आणि म्हणून पात्राला दूषणे देऊन तो सापडत नाही. ज्या खेळात सर्व पर्याय अचूक निवडूनही सहचर बदलत नाही, आणि खेळाडूला निघून जाण्याचा मार्ग सन्मानाने दिलेला असतो, असा खेळ ह्या आक्षेपाचे उत्तर ठरेल.

हा वाद केवळ करमणुकीपुरता राहिलेला नाही. जोसेफ वायझेनबॉम ह्यांनी १९६६ साली ‘एलायझा’ ह्या संवादी आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. केवळ वाक्ये उलटवून प्रश्न विचारणाऱ्या त्या आज्ञावलीला माणसे मनातले सांगू लागली, ह्याने ते स्वतःच अस्वस्थ झाले. आज तसे संवादी सहचर व्यापारी उत्पादन झाले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘रेप्लिका’ ह्या सहचराच्या निर्मात्यांनी त्याचे प्रणयी वर्तन एकाएकी आवरले, आणि आपला प्रिय सहचर रातोरात परका झाला असे दुःख अनेक वापरकर्त्यांनी जाहीरपणे व्यक्त केले. ह्या सहचराला लेखकाने दिलेला हेतू नाही, म्हणून त्याचा कावा उघडा पडण्याचा प्रसंगही नाही. त्याला शेवट नाही, म्हणून पौर्वापर्याचा विचार करण्याची जागाही नाही. तो निघून जात नाही. गेलाच तर कोणा कंपनीच्या निर्णयाने जातो. मॉरिगन, अ‍ॅस्टॅरियन आणि सोलस ह्यांचे कपट चित्रित केलेले आहे, म्हणून त्याचे वाचन करता येते. ज्या सहचराला अखंड टिकण्यासाठीच घडवले आहे, त्याचे कपट चित्रित नसते, ते चालू असते.

एवंच, कावेबाज सहचराशी प्रणय टिकू शकतो. संहितेने त्याला जाण्याची मुभा दिली असेल, खेळाडूला वेळेवर ज्ञान दिले असेल आणि टिकण्याची किंमत एकाच्याच माथी मारली नसेल, तर असे टिकणे काही मोलाचेही ठरते. मॉरिगनची संहिता ह्या तिन्ही अटींच्या जवळ जाते. अ‍ॅस्टॅरियनची संहिता एका वाटेने त्या पाळते, दुसऱ्या वाटेने त्या मोडल्यास काय होते ते दाखवते. सोलसची संहिता अखेरच्या दोन अटींवर अडखळते. हा निवाडा ह्या संहिता वाचूनच देता येतो. पात्रांचे हेतू, निवेदनातील लपवाछपवी, शेवटाचा अर्थ आणि आस्वादकाची जबाबदारी तपासण्याची साधने साहित्यसमीक्षेपाशीच आहेत. ती कपाटात ठेवून हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांवर आणि बाजारावर सोपवणाऱ्या विद्यापीठीय विभागांनी, आपले विद्यार्थी रात्री कोणाशी बोलतात ह्याविषयी नंतर आश्चर्य व्यक्त करू नये.